आधी संगीतकार नेमा
(नागपूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या संगीतशिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या शहरातल्या मुलांच्या हातांत वाद्यं दिली. गायकांच्या नावाने समारोह होतात, पुरस्कार दिले जातात. वाद्य शिकवणाऱ्या शिक्षकाची आठवण एखाद्या शहराने अशी जपावी, हे त्या मानाने विरळाच. म्हणून आजचा विषय मी वादकांचा निवडला आहे. नागपूरला, आणि नागपूरच्या निमित्ताने विदर्भाला, स्वतःचा कायमस्वरूपी वाद्यवृंद असावा का? त्याचा वर्षाचा हंगाम कसा असावा? आणि त्याच्यासाठी नवं संगीत लिहिणारा एक माणूस या शहरात नेमून ठेवावा का? या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याकडे सहसा कुणी वळत नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. लिहिणारा माणूस मिळाला तर वाद्यवृंद उभा राहील आणि हंगामही लागेल. तो नसेल तर बाकी सगळं जमवूनही दोन-तीन वर्षांत उत्साह ओसरेल. हे मी का म्हणतो, ते आज जरा तपशिलात मांडायचं आहे.

नागपुरात वाद्यवृंदांचा दुष्काळ आहे, असं मी म्हणणार नाही. गणेशोत्सवात, कोजागिरीला, चौदा एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांच्या मंचावर आणि लग्नसराईत किती ग्रुप वाजत असतात, हे तुम्ही जाणता. गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलायला सांगितली तर कीबोर्डवाला पुढच्या ओळीला नव्या पट्टीत हजर असतो. ढोलकवाला आणि ऑक्टोपॅडवाला एकमेकांकडे न बघता एकाच समेवर येतात. या हुन्नराबद्दल मला मनापासून आदर आहे. आज मी जे मागणार आहे, ते याच मंडळींच्या भरवशावर. पण ही मंडळी रात्रभर जे वाजवतात ते दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वादकांसाठी, दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं असतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या स्टुडिओत मुद्रित झालेलं गाणं जितकं हुबेहूब वाजेल तितकी टाळी मोठी. आपल्या वादकांना आपण नकलेच्या कसोटीवर घासतो आणि मग त्यांच्याकडून नवं काही येत नाही म्हणून हळहळतो.

नवं येतं कसं, याचा इतिहास पाहू. पाश्चात्त्य संगीतात जोसेफ हायडन हा सिंफनीचा जनक मानला जातो. १७६१ साली तो एस्तरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत लागला आणि जवळजवळ तीस वर्षं तिथेच राहिला. व्हिएन्नासारख्या शहरापासून दूर, आडबाजूच्या वाड्यांत, मूठभर वादक त्याच्या हाताखाली होते. त्या ताफ्यातला चेलोवादक योझेफ वायगल तयारीचा होता, म्हणून हायडनने त्याच्यासाठी चेलो कॉन्चेर्टो लिहिला. कोणता वादक किती वेगाने वाजवू शकतो, कोणाचा वरच्या सप्तकातला सूर गोड लागतो, कोणाचा श्वास कुठे तुटतो, हे त्याला रोजच्या तालमीतून ठाऊक होतं. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी ऐकायला मिळे. फसलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होई. सिंफनीचा आकार घडला तो अशा रोजच्या दुरुस्तीतून.

आता आपल्या जवळचं उदाहरण. नागपूरहून इटारसी, जबलपूर करत पुढे गेलं की कटनी आणि सतना यांच्या मध्ये मैहर लागतं. लोक तिथे शारदेच्या दर्शनाला जातात. १९१८च्या सुमारास तिथल्या ब्रिजनाथ सिंह महाराजांनी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांना आश्रय दिला. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने गावंच्या गावं ओस पाडली होती आणि मैहरमध्ये पोरकी झालेली मुलं होती. अल्लाउद्दीन खाँनी, म्हणजे बाबांनी, त्या मुलांना गोळा केलं, प्रत्येकाच्या हातात एक वाद्य दिलं आणि त्यातून ‘मैहर बँड’ उभा राहिला. सतार, सरोद, इसराज, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला, ढोलक असा सगळा मेळ होता. बंदुकीच्या नळ्या कापून, त्यांची लांबी सुराला लावून बाबांनी नलतरंग बनवला. मारण्यासाठी ओतलेल्या लोखंडातून त्यांनी सप्तक काढलं.

बाबांना हे सुचलं कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. तरुणपणी ते कोलकात्यात हाबू दत्त यांच्या वाद्यवृंदात वावरले होते आणि व्हायोलिन शिकले होते ते लोबो नावाच्या एका गोवेकर बँडमास्तरकडून. पुढे रामपूरच्या वजीर खाँसाहेबांकडची कठोर तालीमही त्यांच्या गाठीशी होती. म्हणजे गोव्याच्या चर्चमध्ये जोपासलेली व्हायोलिनची विद्या आणि रामपूरची बीनकारी या दोन्ही वाटा एका माणसात येऊन मिळाल्या, आणि त्या माणसाला एका छोट्या संस्थानाने ‘इथेच राहा आणि या मुलांसाठी लिही’ असं सांगितलं. पुढे याच मैहरमध्ये अली अकबर, अन्नपूर्णादेवी आणि रविशंकर घडले, म्हणून आपण मैहरचं नाव घेतो. त्या तिघांइतकाच मोलाचा मला तो बँड वाटतो. बाबांच्या रचना तिथे पिढ्यानपिढ्या कानावरून कानावर दिल्या गेल्या. संस्थान विलीन झालं, शासन बदललं, बाबा १९७२ साली गेले, तरी शंभर वर्षांनंतरही तो मेळ त्या रचना वाजवतो आहे.

स्वातंत्र्यानंतर हीच कल्पना आकाशवाणीने मोठ्या प्रमाणावर राबवली. १९५२ साली दिल्लीला राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन झाला आणि मैहरच्या तालमीत तयार झालेले रविशंकर त्याचे पहिले संगीतरचनाकार आणि संचालक झाले. त्यानंतर १९५६ साली पन्नालाल घोष आले आणि १९६० साली निधन होईपर्यंत ते त्या कामात होते. त्या काळात माहिती व नभोवाणी खातं एका मराठी माणसाकडे, बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होतं. सिनेसंगीताबाबतचं त्यांचं धोरण वादग्रस्त ठरलं आणि त्यावर झालेली टीका योग्यच होती. पण शास्त्रीय संगीताच्या कलावंताला महिन्याचं वेतन मिळालं पाहिजे, त्याच्यासाठी सरकारने स्टुडिओ, वाद्यं आणि वेळ राखून ठेवला पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला आजही बरोबर वाटतो. आपलं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. आकाशवाणीच्या नोकरीने या देशातल्या कितीतरी सारंगिये, बासरीवाले, व्हायोलिनवादक यांची चूल पेटती ठेवली. राष्ट्रीय वाद्यवृंदाचं सगळं काम मात्र ध्वनिक्षेपणासाठी होतं. श्रोता समोर नव्हता. अमुक तारखेला तिकीट काढून, ठरलेल्या खुर्चीवर बसून, गेल्या वेळेपेक्षा या वेळी काय नवं आहे हे विचारणारा श्रोता त्यातून तयार झाला नाही.

आता नागपूरकडे येतो. शंकरराव सप्रे गुरुजींच्या श्रीराम संगीत विद्यालयाचं नाव या सभागृहात कुणाला सांगायला नको. वसंतराव देशपांडे तिथले. पुढे सी. रामचंद्र म्हणून देशभर गाजलेले रामचंद्र चितळकरही काही काळ तिथेच शिकले. वसंतरावांना आपण आपलं मानतो, शहराने त्यांच्या नावाचं सभागृह बांधलं. चितळकर अण्णांचा नागपूरशी असलेला संबंध मात्र आपण फारसा बोलून दाखवत नाही. माझ्या आजच्या विषयासाठी तोच महत्त्वाचा आहे. सप्रे गुरुजींकडे सूर पक्का केलेला हा तरुण मुंबईला गेला तेव्हा त्याला भेटले गोव्याचे वादक. १९५१ सालच्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेला ट्रम्पेटवादक आणि त्याचा ताफा यांचा ठसा स्पष्ट ऐकू येतो. हळदोण्याच्या या वादकाला स्वरलिपी येत होती, ब्रास वाद्यांचा स्वभाव ठाऊक होता. अण्णांकडे चाल होती, लय होती, मराठी मातीचा ठेका होता. दोघांनी एकमेकांकडून घेतलं. हे घडलं, कारण दोघे रोज एकाच स्टुडिओत बसत होते. टपालाने नोटेशन पाठवून हे झालं नसतं.

याच गोवेकर वादकांपैकी एकाची गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या प्रसिद्ध गाण्यात त्यांचं नाव आलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. लोक त्या नावावर नाचतात, माणूस कोण होता हे ठाऊक नसतं. चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि अरेंजर म्हणून त्यांचा मोठा दबदबा होता. पण त्यांच्या मनात घर करून होते आपले राग. राग तसाच ठेवून त्याला सिंफनी ऑर्केस्ट्राच्या भाषेत कसं मांडता येईल, याचा ध्यास घेऊन त्यांनी स्वतः रचना लिहिल्या. १९५८ साली ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. शंभराच्या घरात वादक होते. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचं गायन त्यात होतं. दिवसा रेकॉर्डिंग करून पोट भरणारे वादक उरलेल्या वेळात तालमींना येत. पुढे या कामाला कुणी पाठबळ देईना. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेला गेले. परत आल्यावर त्यांनी गोव्यातल्या आपल्या गावी शांतपणे आयुष्य काढलं आणि २०१२ साली ते गेले.

मैहर आणि मुंबई ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. पैसा, वादक, प्रसिद्धी, गायकांची नावं, सगळं मुंबईत होतं. लेखी स्वरलिपीही मुंबईकडेच होती. मैहरची मुलं कानावर शिकत होती. तरी मैहरचं संगीत टिकलं आणि मुंबईतला प्रयोग थांबला. कारण मैहरच्या वादकांना रोज एकत्र बसायला जागा होती, आणि आपल्यासाठी लिहिणारा गुरू त्याच गावात राहत होता. गोन्साल्विसांनी जे उभं केलं, त्याला दुसरा दिवस मिळाला नाही. ज्याला रोजची तालीम नाही आणि पुढच्या वर्षीची तारीख नाही, ते काम कितीही थोर असलं तरी एका माणसाच्या खांद्यावर उभं असतं.

मुंबईत आज हे काम राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र म्हणजे एनसीपीए करतं आहे. २००६ साली तिथे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. वर्षात दोन हंगाम ठरलेले असतात. कोण कंडक्टर येणार, कोणत्या रचना वाजणार, एकलवादक कोण, हे आधी जाहीर होतं आणि रसिक त्याप्रमाणे तिकिटं काढतात. हंगामाच्या वेळी बरेचसे वादक परदेशांतून येतात, ही तिथली अडचण आहे. संस्थेला तिची जाणीव आहे, म्हणून २०१२ साली तिथे मुलांसाठी संगीत अकादमी सुरू झाली. कारखाना आधी आणि शाळा नंतर अशी ही वाट आहे, पण वाट आहे.

या वाद्यवृंदाची मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडून लिहून घेतलेलं संगीत. २०१५ साली ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो मुंबईत पहिल्यांदा वाजला आणि नंतर परदेशांतल्या सभागृहांतही गेला. तबल्याच्या एकलवादनाची सुरुवात पेशकाराने होते हे तुम्हाला माहीत आहे. त्यात वादक ठेका मांडतो, हळूहळू उलगडत नेतो, आपली समज आणि आपलं घराणं श्रोत्यांपुढे ठेवतो. त्या वृत्तीचं काहीतरी साठ-सत्तर वादकांच्या मेळात आणायचं, हे धाडस होतं. २०२३ साली त्यांनी सतार, बासरी आणि तबला या तिन्हींना पुढे ठेवून आणखी एक रचना दिली. रविशंकरांनी १९७१ साली सतारीचा कॉन्चेर्टो लिहिला तो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी, आणि दुसरा १९८१ साली वाजला तो न्यूयॉर्कमध्ये, आपल्या झुबिन मेहतांच्या हाताखाली. पुढच्या पिढीच्या झाकीरभाईंना अशी संधी स्वतःच्या शहरात मिळाली. एवढा फरक पडायला चाळीसेक वर्षं आणि एक स्थायी वाद्यवृंद लागला. झाकीरभाई २०२४च्या डिसेंबरात गेले. त्यांनी लिहिलेलं मात्र त्यांच्यामागे वाजवता येईल अशा रूपात उरलं आहे.

आता कुणी म्हणेल, आपलं संगीत एकट्याचं. ते मनोधर्मावर चालतं. दहा-बारा जणांनी मिळून राग वाजवायचा म्हणजे रागाचा बळी द्यायचा. ही शंका वरवरची नाही, म्हणून तिच्यात थोडं खोल शिरू. दरबारी कानड्याचा कोमल गंधार घ्या. तो हार्मोनियमच्या पट्टीवरच्या गंधाराहून उतरलेला आहे आणि स्थिर नाही. संथ आंदोलन घेत झुलतो. एक सारंगीवाला तो वाजवतो तेव्हा अंगावर काटा येतो. तोच गंधार बारा व्हायोलिनांना दिला आणि सगळ्यांना ‘आंदोलन घ्या’ असं सांगितलं, तर बारा झोके बारा वेळांना पडतात. कानाला ऐकू येतो तो नुसता गढूळ सूर. सगळ्यांना मोजून एकाच वेळी झुलवलं तर त्यातला जीव जातो. म्हणजे राग समूहात मावत नाही, असं म्हणून हात झटकायचे का?

चांगला रचनाकार इथूनच कामाला लागतो. तो आंदोलन एकाच व्हायोलिनला देईल आणि बाकीच्यांना षड्ज-पंचम असे धरायला लावेल की गज कधी वळला हे कळणार नाही. किंवा दोघांना गंधार, चौघांना रिषभाकडून येणारी मींड, आणि चेलोवर खर्जातला षड्ज. मींड एकाच बोटाने, एकाच तारेवर घ्यायची, हे तो स्वरलिपीत खूण करून सांगेल. हे ठरवायला त्याला आपले बारा वादक माहीत हवेत. त्यांतला कोण गायकी अंगाने वाजवतो, कोण चर्चच्या गायकवृंदात वाढला, कोणाला नोटेशन येतं आणि कोण ऐकून उचलतो, हे कळल्याशिवाय ही वाटणी करता येत नाही. अल्लाउद्दीन खाँना ती कळत होती, कारण पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली होती. म्हणून माझा आग्रह आहे की संगीतकार शहरात राहिला पाहिजे. पाहुणा म्हणून चार दिवस आलेला माणूस कितीही थोर असला तरी हा अभ्यास करू शकत नाही.

दुसरी शंका श्रोत्यांची. नवं, अनोळखी संगीत ऐकायला नागपुरात कोण येणार? याचं उत्तर मी मुंबईत शोधत नाही. ते आपल्या पूर्वेला, झाडीपट्टीत आहे. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात नाटकांचा सीझन लागतो तो होळीपर्यंत चालतो. वडशाला नाटकमंडळांची कार्यालयं थाटलेली असतात, गावोगावचे लोक येऊन तारखा घेतात. शंकरपट, मंडई आणि नाटक हे हिवाळ्याचं गणित तिथे पक्कं आहे. गार वाऱ्यात शाल पांघरून, पोराबाळांसकट माणसं रात्रभर तिकिटाचं नाटक बघतात. मंचाला लागून ऑर्गन, तबला, ढोलक घेऊन वादक बसलेले असतात आणि प्रसंगाचा नूर बघून त्याच क्षणी सूर भरतात. दरवर्षी नवी नाटकं लागतात. ती लिहिणारे त्याच भागातले असतात आणि मंडळातला कोणता नट काय पेलेल हे ओळखून लिहितात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने झाडीपट्टीकडे जरा मान वळवून पाहिलं. हंगाम, स्थानिक लेखक, ठरलेला ताफा आणि पैसे मोजणारा प्रेक्षक, या चारही गोष्टी विदर्भात शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बळावर चालत आल्या आहेत. शहरातल्या आपल्यासारख्या सुशिक्षितांनी श्रोता नसल्याची तक्रार करावी, हे मला पटत नाही.

वादक आहेत का? आहेत. शहरातले ग्रुप आहेत, संगीत विद्यालयांतून परीक्षा देऊन बाहेर पडणारी मुलं आहेत. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, आणि लष्करी बँडच्या वादकांना शिकवणारी सैन्याची संगीतशाळा सातपुड्यात, पचमढीला आहे. निवृत्तीनंतर या भागात स्थायिक होणाऱ्या अशा वादकांना नोटेशन वाचता येतं, श्वासाची शिस्त असते. शहरातल्या चर्चमध्ये चार आवाजांत गाणाऱ्या मुली आहेत. आणि तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीत जे ढोल वाजतात, ज्या संदलच्या ठेक्यावर सारं मध्य नागपूर हलतं, तो ठेका दुसऱ्या कुठल्या शहराकडे आहे? शतकाहून जुन्या या मिरवणुकीचा ताल कुणी कागदावर उतरवून त्याच्यासमोर तंतुवाद्यं उभी केली आहेत का? नागपूरच्या संगीतकाराचं पहिलं काम मला हेच दिसतं.

सभागृहंही आहेत. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, २०१७ पासून रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं भव्य सभागृह आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून इथेच आहे. कोणत्याही सांस्कृतिक योजनेत आपला क्रम ठरलेला असतो: आधी इमारत, मग ध्वनियंत्रणा, मग उद्घाटनाला बाहेरून आणलेला मोठा कलावंत, आणि शेवटी काही उरलंच तर स्थानिक माणूस. हा क्रम आपण उलटा करू या. आधी संगीतकार नेमा. तीन वर्षांसाठी, मासिक वेतनावर, नागपुरात राहण्याच्या अटीवर. त्याच्या हाताखाली चोवीस वादक पुरेत. शंभरांचा हट्ट नको. आठवड्यातून दोन ठरलेल्या तालमी, आणि प्रत्येक तालमीचं मानधन. कार्यक्रमाचे तेवढे पैसे देऊन तालमी फुकटात करून घेण्याची आपली रीत वाद्यवृंदाच्या मुळावर येते. ज्या संध्याकाळी वादक तालमीला येतो, त्या संध्याकाळचं लग्नाचं काम त्याने सोडलेलं असतं.

हंगाम विदर्भाच्या हवेला धरून असावा. एप्रिल-मेच्या धगीत लाकूड तडकतं, तबल्याच्या पुड्या चढतात आणि माणसंही घराबाहेर पडत नाहीत. म्हणून झाडीपट्टीचंच वेळापत्रक घ्यावं: दिवाळीनंतर सुरुवात, होळीच्या आत शेवट. चार कार्यक्रम. पहिला सप्रे गुरुजींच्या विद्यालयाच्या परंपरेवर, ज्यात वसंतरावांची गायकी आणि चितळकर अण्णांची लय या दोन्हींवरून नव्याने लिहिलेली रचना असेल. दुसऱ्यात मैहरच्या मेळाला सन्मानाने बोलवावं आणि दोन्ही ताफ्यांनी एक रचना मिळून वाजवावी. तिसरा झाडीपट्टीच्या ऑर्गनवाल्या-ढोलकवाल्यांबरोबर, आणि तो नागपुरात एकदा व वडशाला एकदा व्हावा. चौथा मारबतीच्या तालावर, शक्य झाला तर उघड्या मैदानात. प्रत्येक कार्यक्रमात बारा-पंधरा मिनिटांची एक रचना अगदी नवी असावी. बाकीच्या भागात लोकांना आवडणारं, ओळखीचं संगीत खुशाल असू द्यावं. तिकीट असावं, परवडणारं असावं, आणि फुकट पास कुणालाही नसावेत. विद्यार्थ्यांना तालमी खुल्या ठेवाव्यात. रचना फसते कशी आणि सुधारते कशी, हे तालमीत बसल्याशिवाय कळत नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. महापालिका, सांस्कृतिक केंद्र, विद्यापीठ आणि शहरातले उद्योजक यांनी प्रत्येकी एक वाटा उचलावा. कुणा एकाची मेहरबानी नको. मैहरला महाराज होते, आपल्याला नागरिक आहेत. मात्र एक अट लेखी असावी: जो पैसा देईल त्याने रचना काय असावी हे सांगू नये. संगीतकाराला तीन वर्षं निर्धास्तपणे लिहू द्यावं आणि तीन वर्षांनी त्याचा हिशेब श्रोत्यांनी मागावा.

शेवटी एका गोष्टीचा आग्रह धरतो, कारण आजवरच्या अशा प्रयत्नांना तिथेच खीळ बसलेली आहे. आपल्याकडे नवी रचना एकदा वाजते. वृत्तपत्रात फोटो येतो, सत्कार होतो आणि कागद कपाटात जातात. हायडनने वायगलसाठी लिहिलेला तो चेलो कॉन्चेर्टोसुद्धा हरवला होता. त्याचे कागद १९६१ साली प्रागमध्ये सापडले आणि आज जगभरचे चेलोवादक तो वाजवतात. दोनशे वर्षं तो कुणाला ऐकू आला नाही, कारण तो पुन्हा वाजवला गेला नाही. पहिल्या वादनात वादक अंदाज घेत असतात, श्रोते गोंधळलेले असतात आणि संगीतकाराला आपली चूक नुकती दिसू लागलेली असते. रचनेचं खरं मोल दुसऱ्या वादनात कळतं. म्हणून नागपूरच्या वाद्यवृंदाचा दुसरा हंगाम आखताना पहिला नियम असा असावा: गेल्या वर्षीच्या चारही नव्या रचना या वर्षी पुन्हा वाजतील, सुधारून, त्याच वादकांकडून, त्याच श्रोत्यांसमोर. ज्या आवडल्या नव्हत्या त्यासुद्धा. हा नियम पाळला तर दहा वर्षांत या शहराकडे स्वतःच्या चाळीस रचना असतील. त्यांतल्या पाच-सहा टिकल्या, तरी त्या वाजवायला पुढची पिढी व्हायोलिन हातात घेईल. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती पूर्ण करणं या शहराला सहज शक्य आहे.